वर्ना किनुनेन उभी राहते

वर्ना किनुनेन खासदारकीला उभी राहिली ती निव्वळ गैरसमजातून, असं तिचा नवरा आर्विड आजही शपथेवर सांगतो.

झालं असं, की त्या वर्षी जानेवारीत आमचे खासदार हॉलिस व्हॅनडर्मीर यांनी जनतेशी संवाद ठेवला होता. संवाद फोनवरून. आम्हा लोकांची तोंडं समोरासमोर बघायची हौस त्यांना कधीच नव्हती, आणि जानेवारीत सामुद्रधुनीवरचा लांब पूल ओलांडून उत्तरेला आमच्या राउहाला गावापर्यंत यायला माणूस एकतर इथला असावा लागतो, नाहीतर वाट चुकलेला. वर्नाने राईचा पाव ओव्हनमध्ये सरकवला, फोन टेबलावर ठेवला आणि आपली पाळी यायची वाट बघत बसली. तिला एकच विचारायचं होतं. म्हाताऱ्यांसाठी सरकारचा मेडिकेअर नावाचा विमा आहे, त्यात काळजापासून गुडघ्यापर्यंत सगळं बसतं. मग दात का बसत नाहीत? दात काय शेजाऱ्याचे असतात?

पाळी आली, प्रश्न विचारून झाला.

"फारच महत्त्वाचा प्रश्न विचारलात, व्हेरा," खासदार म्हणाले. "माझी माणसं तुम्हाला कळवतील." आणि पुढचा माणूस.

वर्ना फोनकडे बघत राहिली. "याच्यापेक्षा मी बरी," ती म्हणाली.

"मग उभी राहा," आर्विड सूपमधून मान वर न काढता म्हणाला.

ती त्याच्या हातमोज्यांवर बसली होती. त्याला बर्फ ढकलायचा ट्रक घेऊन निघायचं होतं आणि मोजे हवे होते. त्याचं म्हणणं एवढंच. पण वर्नाचे डोळे भरून आले. तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याने तिच्यावर इतका विश्वास कधी दाखवला नव्हता. तिने उठून त्याला मिठी मारली. आर्विडने खालचे मोजे उचलले आणि हातांत चढवले. "ती रडत होती," तो पुढे सांगायचा. "रडणाऱ्या बाईला मोज्यांचं काय सांगणार?"

उमेदवार म्हणून वर्नाकडे काय भांडवल होतं, तर दोन बाजूंचं रक्त. आमच्याकडे खाणीत कामाला म्हणून येऊन वसलेल्या फिनिश लोकांत दोन जाती, एक चर्चवाल्यांची आणि एक हॉलवाल्यांची. चर्चवाले प्रार्थना करत, हॉलवाले हॉलमध्ये जमून संपाची आणि मालकांना उलथून पाडण्याची भाषा करत, आणि दोघं एकमेकांच्या घरची कॉफी पीत नसत. वर्नाची आई चर्चवाल्यांची, बाप हॉलवाल्यांचा. हे लग्न कसं जमलं ते कुणालाच ठाऊक नाही. वर्ना म्हणायची, "बापाकडून मला क्रांती मिळाली आणि आईकडून अपराधीपणा. त्यामुळे मी क्रांतीला निघते, पण वाटेत सगळ्यांची माफी मागत जाते."

बाप सहकारी दुकानात खाटीक होता. गिऱ्हाइकाला मटण तोलून देता देता तो जगातल्या अन्यायावर बोले, आणि गिऱ्हाइक उलटून बोललं तर सुरी खाली ठेवून वाद घाले; रांग दारापर्यंत जाई. वर्नाने दात साफ करायचं शिक्षण घेतलं तेव्हा तो म्हणाला होता, "दात कोरून कुणाचं पोट भरलंय का?" तिचं भरलं. डॉक्टर पेल्कींच्या दवाखान्यात तिने बावीस वर्षं लोकांचे दात कोरले आणि कोरता कोरता बापाचाच धंदा पुढे चालवला. खुर्चीत माणूस आडवा झाला, आ वासला, की वर्ना सुरू. औषधांच्या किमती, तळ्यात सोडलेलं कारखान्याचं पाणी, गाव सोडून गेलेली पोरं, सगळ्यांना मोफत उपचार का मिळत नाहीत. माणूस "आं" म्हणे, "ऊं" म्हणे, कधी मान हलवे. वर्नाला वाटे, पटलं! दिवसाला आठ-नऊ माणसं तिला पटत. बावीस वर्षांत अख्खा तालुका तिच्या विचारांचा झाला, अशी तिची पक्की समजूत होती.

ती समजूत फेब्रुवारीत मोडली. उमेदवारीसाठी हजारभर सह्या लागतात. पहिल्या सहीला ती आयनर सालोकडे गेली. आयनर लाकडाच्या ट्रकवर आयुष्य काढलेला, ऐंशीला टेकलेला, दर सहा महिन्यांनी न चुकता तिच्या खुर्चीत येणारा. सगळ्यात जास्त मान तोच हलवायचा.

"आयनर, तुम्हाला तर माझं सगळं म्हणणं माहीतच आहे," ती दारात बूट झटकत म्हणाली.

"आहे ना. चांगलं माहीत आहे. त्यातलं एक अक्षर मला पटत नाही."

वर्ना हसली. आयनर हसला नाही.

"पण तुम्ही तर... तुम्ही 'ऊं' म्हणायचात!"

"पोरी, तुझा हात माझ्या तोंडात असायचा. त्या हातात टोकदार हत्यार असायचं. 'नाही' म्हणायची कुणाची छाती होती?"

 वर्नाच्या मागे पायरीवर तिची मैत्रीण बर्नीस ट्रेवार्थन होती. शाळेतून निवृत्त झालेली खेळाची शिक्षिका, गळ्यात अजून शिट्टी घालणारी. तिने प्रचाराची सूत्रं कुणी न विचारता हातात घेतली होती. बर्नीसने कागद पुढे केला. "पटत नसेल तर नसू दे. सही करा. ती उभी राहिली तरच तुम्हाला तिच्याविरुद्ध मत देता येईल."

आयनरला हे एकदम पटलं. त्याने झोकदार सही केली आणि दोघींना कॉफी पाजली. कॉफीबरोबर त्याने वर्नाला तिच्या प्रत्येक मुद्द्याचं उत्तर दिलं. बावीस वर्षांचं साठलेलं होतं. संध्याकाळ झाली तरी तो कारखान्याच्या पाण्यापर्यंतसुद्धा पोचला नव्हता.

गाडीत बसल्यावर वर्ना म्हणाली, "बर्नीस, मला वाटलं होतं मी वक्ता आहे."

"तू दात घासणारी आहेस," बर्नीस म्हणाली. "वक्ता व्हायला समोरच्याचं तोंड मिटलेलं लागतं. चल, पुढचं घर."

आता व्हॅनडर्मीरांशी लढायच्या आधी पक्षाची उमेदवारी मिळवायची होती; ती ऑगस्टमध्ये पक्षाचे मतदारच मतदानाने ठरवतात, आणि त्यातच तिच्यासमोर एक जण होता. प्रेस्कॉट हॅलोरन, पुलापलीकडचे निवृत्त वकील, आमच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यापुरतं घर असलेले. उंच, पांढऱ्या केसांचे, आवाज असा की हवामानाचा अंदाजसुद्धा निकालपत्र वाटावं. पक्षातली वजनदार माणसं त्यांच्या मागे. त्यांचं म्हणणं, की आपला भाग जुन्या वळणाचा आहे, इथे मधला माणूसच निवडून येतो. मोफत उपचार वगैरे बोललं की लोक बिचकतात. वर्नाला हा 'मधला माणूस' शब्द ऐकला की बापाची सुरी आठवे. "मधल्या माणसाला काही मत नसतं," ती प्रत्येक सभेत सांगे. "तो दोन्ही बाजूंना मान हलवतो आणि घरी जातो." टाळ्या पडत. सभेला बारा-पंधरा माणसं असत आणि त्यातली निम्मी बर्नीसच्या बास्केटबॉलच्या जुन्या संघातली, पण टाळ्या पडत.

चार जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीत मात्र हसं झालं. मिरवणुकीत उमेदवार गाडीतून गोळ्या-चॉकलेटं उधळतात, पोरं रस्त्यावर पडून वेचतात, हा रिवाज. वर्नाने तत्त्वाचा प्रश्न केला. आयुष्यभर ज्याविरुद्ध बोलले तेच उधळू? तिने दवाखान्यात नमुन्यादाखल आलेले दात घासायचे ब्रश खोकेभर आणले आणि आर्विडच्या ट्रकवर उभी राहून उधळले. पुढच्या गाडीतून हॅलोरन चॉकलेटं फेकत होते. पोरांनी पिशव्या पसरल्या, त्यात ब्रश पडला, तोंडं वाकडी झाली. चौकात पोचेपर्यंत ब्रश उलटे यायला लागले. एक नेमका तिच्या टोपीवर बसला. कडेच्या घडीच्या खुर्च्यांवर बसलेल्या मंडळींची हसून हसून पुरेवाट झाली. त्यांतल्या एका बाईने ओरडून विचारलं, "वर्ना, दोरा पण देणार का दातांतला?" वर्नाने पुढच्या खोक्यात तोही आणला होता. ते खोकं तिने पायाने हळूच मागे सारलं.

पुढच्या आठवड्यात फिनिश हॉलमध्ये दोघा उमेदवारांची जाहीर चर्चा होती. हॉल भरला होता. चर्चवाल्यांच्या घरातलीही माणसं आली होती, कारण बर्नीसने पेस्टी ठेवल्या होत्या. पेस्टी म्हणजे आमच्या खाणकामगारांची शिदोरी, करंजीची थोरली बहीण; आत मांस, बटाटा आणि रुताबागा नावाचा कंद. वर्ना त्या दिवशी खरंच चांगलं बोलली. खासदाराच्या फोनची गोष्ट सांगितली, आयनरच्या 'ऊं'ची सांगितली, स्वतःवर हसली, लोक हसले. हॅलोरन निकालपत्र वाचल्यासारखे बोलले. शेवटी रेडिओवाल्या सूत्रसंचालकाने हलकाफुलका प्रश्न टाकला.

"दोघांनाही विचारतो. पेस्टीवर काय? केचप की ग्रेव्ही?"

पुलाच्या अलीकडे केचप. पुलापलीकडचे ग्रेव्ही ओततात. यावरून आमच्याकडे सोयरिकी मोडल्या आहेत.

हॅलोरन स्मित करून म्हणाले, "या वयात मी मैदा टाळतो."

हॉलमध्ये असा सन्नाटा पसरला की स्वयंपाकघरातल्या कॉफीची बुडबुड ऐकू आली. निवडणूक तिथेच संपली होती. वर्नाने नुसता एक शब्द उच्चारायचा होता. खाटकाची पोर, बाप शनिवारी स्वतःच्या हाताने पेस्टी भरायचा, केचपवरच ती वाढली. पण नेमक्या त्या क्षणी तिच्यातला मुत्सद्दी जागा झाला. निम्मी मतं पुलापलीकडे आहेत, तो तिच्या कानात म्हणाला. वर्नाची दातखीळ बसली. मग ती सुटली आणि तिच्या तोंडून निघालं, "मला वाटतं, दोन्ही परंपरांचा आदर ठेवून, ज्याच्या त्याच्या आवडीप्रमाणे..."

"अरेरे!" मागून कुणीतरी म्हणालं. मग सगळ्या हॉलने हुर्यो केली. आयनर सालो उठून उभा राहिला. "वर्ना! तुझा बाप इथे असता तर तुला खुंटीला टांगलं असतं!"

बर्नीसने शिट्टी फुंकली. सगळे गप्प झाले. ती व्यासपीठाजवळ आली आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात कुजबुजली, "बाई गं, सगळ्या देशाला मोफत डॉक्टर देताना जीभ चाचरली नाही आणि केचपला चाचरते?"

वर्नाचे कान लाल झाले. इतके महिने 'मधल्या माणसा'वर तोंडसुख घेतलं आणि प्रसंग आला तेव्हा आपणच मधोमध जाऊन बसलो. तिने माईक ओढला.

"केचप," ती म्हणाली. "ग्रेव्ही म्हणजे पाप आहे. पुलापलीकडच्यांनी मला मत दिलं नाही तरी चालेल. माफ करा." मग आई आठवून पुन्हा एकदा, "माफ करा."

ऑगस्टमध्ये ती हॅलोरनना हरवून पक्षाची उमेदवार झाली. थोडक्या मतांनी, पण झाली. मोठमोठ्या शहरांतल्या प्रागतिक मंडळींना आनंद झाला; त्यांनी लिहिलं की ग्रामीण भागात नव्या विचारांचं वारं वाहू लागलं आहे. वर्नाने ते वाचून आर्विडला दाखवलं. "वारं नाही, केचप आहे," ती म्हणाली. "पण त्यांना कशाला सांगायचं."

खरी लढाई आता होती, आणि व्हॅनडर्मीर तिच्याशी लढलेच नाहीत. चर्चेचं आमंत्रण त्यांनी नाकारलं. त्यांनी टीव्हीवर फक्त एक जाहिरात लावली. तोंडाला मास्क, हातात चकचकीत हत्यार घेतलेली वर्ना, आणि खर्जातला आवाज: "आधी हिचा हात तुमच्या तोंडात होता. आता तो तुमच्या खिशात येणार आहे."

वर्नाने ती पहिल्यांदा पाहिली आणि खदखदून हसली. "लिहिणारा हुशार आहे हं." दुसऱ्यांदाही हसली. विसाव्यांदा हसू आलं नाही. दुकानात पोरं खिसे दाबून धरून तिच्यापासून लांब पळायचा खेळ खेळू लागली. आर्विडने टीव्हीची वायर काढून गराजमध्ये नेऊन ठेवली आणि विचारलं तर म्हणाला, "उंदरांनी नेली."

सप्टेंबरच्या शेवटी ती पेट्रोल पंपावर कॉफी घ्यायला थांबली. गल्ल्यावर लोरेन बोशां. वर्नापेक्षा दहा वर्षांनी लहान, पण दिसायला नाही. लोरेन बोलताना, हसताना हात तोंडावर धरायची. वर्नाच्या नजरेला ते पहिल्या क्षणी दिसलं. तिचं कामच ते. तिने भाषण सुरू केलं. सगळ्यांच्या विम्यात दात कसे आले पाहिजेत, आपण निवडून आलो तर कसं विधेयक आणणार. लोरेनने सगळं ऐकून घेतलं. मागे गिऱ्हाईक नव्हतं.

"झालं?" लोरेनने हातामागून विचारलं.

"हो."

"मला आज रात्री दुखणार आहे. तुझं ते विधेयक कधी येणार?"

वर्नाने उत्तरासाठी तोंड उघडलं. भरपूर उत्तरं होती, आकडेही होते. त्यातलं एकही त्या गल्ल्यावर ठेवण्यासारखं नव्हतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "कदाचित कधीच नाही."

"एवढं खरं अजून कुणी बोललं नव्हतं," लोरेन म्हणाली. "कॉफी गार होतेय तुझी."

त्या संध्याकाळी वर्ना डॉक्टर पेल्कींच्या घरी गेली. पेल्की जन्माचे व्हॅनडर्मीरांचे मतदार. अंगणात त्यांच्याच प्रचाराची पाटी होती. त्यांनी आजवर वर्नाला कामावरून काढलं नव्हतं ते एवढ्याचसाठी, की तिच्याइतका हलका हात दुसरा नव्हता. तिने पाटीला वळसा घालून दार ठोठावलं आणि म्हणाली, "डॉक्टर, महिन्यातून एक शनिवार दवाखाना फुकट उघडू या. साफसफाई मी करते, काढायचं-भरायचं तुम्ही करा."

"हा प्रचार आहे का?"

"नाही. निवडणूक झाल्यावर सुरू करू. हरल्यावर."

"हरणार हे नक्की ना?" पेल्कींनी डोळे बारीक करून विचारलं.

"तुम्ही टीव्ही बघता ना, डॉक्टर."

पेल्कींनी अंगणातल्या पाटीकडे पाहिलं. "एका अटीवर. त्या शनिवारी तू तोंड बंद ठेवायचं. राजकारणाचा एक शब्द नाही."

"मंजूर," वर्ना म्हणाली. तिला नंतर वाटलं, अख्ख्या प्रचारात आपण मिळवलेला हा एकच विजय, आणि तोही गप्प बसायच्या बोलीवर. लोरेनला मात्र त्याच रात्री त्यांनी मागच्या दाराने आत घेतलं. दाढ काढताना पेल्की म्हणाले, "हे शनिवारात धरायचं नाही हं."

नोव्हेंबरात निकाल लागला. वर्नाने विजयाचं भाषण लिहिलं होतं, पराभवाचंही लिहिलं होतं, आणि मोजणी लांबली तर द्यायचं एक तिसरंही. हॉलमध्ये माणसं कोट काढत होती, बर्नीस कॉफीचं भांडं लावत होती, तेवढ्यात रेडिओने व्हॅनडर्मीर निवडून आल्याचं सांगून टाकलं. कॉफी अजून उकळायची होती. माणसं कोट अर्धे काढलेले तशीच उभी राहिली. काढावा की पुन्हा घालावा, कुणाला ठरवता येईना.

"घाला परत," वर्ना म्हणाली. "नाहीतर नको, काढा. पेस्टी आहेत."

रिवाजाप्रमाणे तिने विजयी उमेदवाराला फोन लावला. व्हॅनडर्मीर मनापासून गोड बोलले. "तुम्ही मोठ्या हिमतीने लढलात, व्हेरा."

"वर्ना," ती म्हणाली.

"अर्थातच," ते म्हणाले.

पुलापलीकडे ती सपाटून आपटली होती. ग्रेव्हीवाल्यांनी मनात ठेवलं असणार. पण राउहालातही हरली. ज्या गावाच्या तोंडात तिचा हात गेला होता त्याच गावाने तिला नाकारलं, हे तिला रात्री सॉनामध्ये, घरच्या वाफेच्या खोलीत बसल्यावर खरं झोंबलं. वाफेत घाम येतो, त्यामुळे रडलेलं कळत नाही. आर्विडला कळलं. त्याने तापलेल्या दगडांवर आणखी एक तांब्या पाणी ओतलं, म्हणजे अजून थोडं रडून घेता येईल.

"मी मूर्खपणा केला का रे?"

आर्विडने तांब्या खाली ठेवला. "केलास," तो म्हणाला. "पण मी मत दिलं. आणि मी आजवर कुणालाच दिलं नव्हतं."

"कुणालाच?" वर्ना ताडकन वळली. "तीस वर्षं? तू तीस वर्षं मत देत नव्हतास आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू भाषण दिलं असतंस," आर्विड म्हणाला.

उभारलेल्या पाट्या उमेदवारानेच काढून न्यायच्या असतात. पुढच्या रविवारी दोघं ट्रक घेऊन निघाले. रात्री पहिलं मोठं बर्फ पडलं होतं, पाट्यांची नुसती टोकं वर होती; आर्विड फावड्याने मोकळ्या करी, वर्ना उपटून मागे टाकी. गावाबाहेरच्या वळणावर लोरेनचं चाकांवरचं पत्र्याचं घर. तिथे तिने पाटी लावलीच नव्हती, तरी मागच्या बाजूला निळं काहीतरी दिसलं. कोंबड्यांच्या खुराड्याच्या भिंतीला, वाऱ्याच्या बाजूने, 'किनुनेन' ठोकलेलं होतं. उलटं.

लोरेन कोट अंगावर ओढत बाहेर आली. "वादळात उडून आली होती. फळी फुटलीय ना, वारं शिरत होतं."

"असू दे, असू दे."

"न्यायची असेल तर ने."

"कोंबड्यांना चालतेय का?"

"अंडी द्यायला लागल्यात."

दोघी खुराड्याकडे बघत उभ्या राहिल्या. वर्नाला विचारायचं नव्हतं, पण तिने विचारलं. "मत दिलंस का गं?"

"गेले होते," लोरेन म्हणाली. "रांग होती. माझी ड्यूटी सुरू व्हायची होती पंपावर. परत फिरले." तिने कोटाची बटणं लावली. "रागावलीस?"

वर्नाच्या तोंडाशी आलं होतं सगळं. मताचा हक्क, त्यासाठी मेलेली माणसं, बापाचा संप. तिने ते गिळलं. "नाही. पुढच्या शनिवारी दवाखाना फुकट आहे. खालच्या बाजूच्या दोन दाढाही बघायला हव्यात."

"बघू. अंडी नेतेस का?"

वर्नाने अंडी घेतली. ट्रकमध्ये बसल्यावर ती मांडीवर धरली, कारण मागे सगळीकडे तिचंच नाव रचून ठेवलेलं होतं आणि त्यावर अंडी टिकली नसती. आर्विडने गाडी सावकाश रस्त्यावर घेतली आणि विचारलं, "अजून किती राहिल्यात?"

"टेकडीच्या पलीकडच्या सगळ्या," ती म्हणाली. "तिकडे मीच लावल्या होत्या, उत्साहात. प्रत्येक खांबाला एक."